कोऱ्याला तारा नसतात

नॉर्वेत राहणारे एक वाचक तिथल्या मराठी मंडळींसाठी एका मैफलीची ओळख लिहीत आहेत. पश्चिम आफ्रिकेतलं 'कोरा' हे वाद्य आणि नॉर्डिक जाझ असा कार्यक्रम आहे. त्यांचं वाक्य असं: 'कोराच्या एकवीस तारा आणि नॉर्डिक जाझ यांची रंगतदार जुगलबंदी.' त्यांनी विचारलंय एवढंच, की 'कोराच्या' लिहू की 'कोऱ्याच्या'?

कोऱ्याच्या. कॅमेरा-कॅमेऱ्यात, सोफा-सोफ्यावर, तंबोरा-तंबोऱ्याचा. आकारान्त पुल्लिंगी शब्द मराठीत आला की त्याचं सामान्यरूप व्हायलाच हवं. 'कोऱ्याच्या' म्हटल्यावर कोरा कागद किंवा कोरा चहा आठवतो, म्हणून परक्या शब्दाला सोवळ्यात ठेवायचं कारण नाही. वाक्य पुढे सरकलं की अर्थ आपोआप कळतो.

मला खुपतो तो पुढचा शब्द. तारा. कुठल्याही तंतुवाद्याबद्दल लिहायची वेळ आली की लोक डोळे मिटून 'तारा' लिहितात आणि लगेच त्या 'छेडतात'. मराठीत तार म्हणजे धातूची. विजेची तार, काटेरी तार, कपडे वाळत घालायची तार. सतारीला तार असते, तंबोऱ्याला असते, तिथं शब्द चपखल बसतो. यावर एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांनी मला एकदा सुनावलं होतं, 'मग एकतारी पाकाची तार काय लोखंडाची असते?' नसते. पण पाकाला तार सुटते ती दिसायला तारेसारखी, म्हणून तिला तार म्हणतात. ती उपमा आहे. उपमेच्या जोरावर वस्तूचं नाव बदलायचं म्हटलं, तर केळीच्या सोपाच्या दोरालाही तार म्हणावं लागेल. आणि 'तार सप्तक' मध्ये आणूच नका. तो तार म्हणजे संस्कृतातला 'उंच, तीव्र' स्वर. त्याचा वाद्याच्या तारेशी संबंध जोडणारे संगीतशिक्षक मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे.

आता कोरा कसा असतो ते पाहा. मोठा भोपळा मधोमध कापलेला, त्याच्या तोंडावर गाईचं कातडं ताणून बसवलेलं, आरपार गेलेला लाकडी दांडा आणि कातड्यावर उभी घोडी. घोडीच्या दोन्ही कडांना खाचा. डाव्या बाजूला अकरा, उजव्या बाजूला दहा. वादक दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्या चार बोटांनीच वाजवतो, उरलेल्या बोटांनी वाद्याच्या मुठी धरतो. पूर्वी हरणाच्या कातड्याच्या बारीक पिळलेल्या वाद्या लावत, तबल्याच्या वाद्यांच्याच जातीच्या. आता मासे पकडायची नायलॉनची दोरी लावतात, खर्जासाठी जाड, वरच्या स्वरांसाठी केसासारखी बारीक. या एकवीसांत कुठंही धातू नाही. मग तारा आल्या कुठून?

आपल्याकडे यासाठी अस्सल शब्द होता, तांत. आमच्या गल्लीत थंडीच्या तोंडावर पिंजारी यायचा. खांद्यावर ती मोठी कमान, तिला आतड्याची तांत लावलेली. लाकडी दस्त्याने तो तांतेवर ठोका द्यायचा आणि अंगणभर एक जाड, घुमणारा आवाज भरायचा, कापूस हवेत उडायचा. पुढे पहिल्यांदा कोऱ्याचा खर्ज ऐकला तेव्हा मला तोच आवाज आठवला. तारेच्या आवाजाला जी झणझणीत धार असते ती या आवाजाला नाही. हा गोल असतो, लवकर विझतो. तांत म्हणा, तंतू म्हणा, वादी म्हणा, पण तार म्हटलंत की तो आवाजच कानाआड गेला.

आणि या तांतेच्या पोटात जे दडलंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तांत, तंतू, तंत्री, तान, ताण, ताणणे, हे सगळं गोत 'तन्' या एका संस्कृत क्रियाधातूचं. तन् म्हणजे ताणणे, पसरणे. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन, सुषिर. यातला 'तत' म्हणजे ताणलेलं. काय ताणलंय, धातू की आतडं की कातडं, याच्याशी त्या वर्गाला देणंघेणं नाही. ताण आहे ना, मग ते ततवाद्य. कोऱ्याला याहून नेमकं नाव सापडणार नाही.

हाच 'तन्' नॉर्वेतही जाऊन पोचला आहे. ताणलं की वस्तू बारीक होते, म्हणून संस्कृतात 'तनु' म्हणजे बारीक, सडपातळ. तन्वंगीतला तोच. त्रि-थ्री, तृष्णा-थर्स्ट या नियमाने जर्मॅनिक भाषांत त्या 'त'चा 'थ' झाला: इंग्रजीत 'थिन', जुन्या नॉर्समध्ये 'थुन्नर', आणि आजच्या नॉर्वेजियनमध्ये पुन्हा 'ट' होऊन 'ट्युन्न'. शिवाय तिकडे स्वराला 'टोने' म्हणतात. तो ग्रीक 'टोनोस'मधून आला, म्हणजे पुन्हा ताणणेच. तुमच्या ओस्लोतल्या शेजाऱ्याने मासेमारीची दोरी 'ट्युन्न' आहे म्हटलं, तर तो नकळत तंतूच्या सख्ख्या भावंडाला हाक मारत असतो.

तंतोतंत हा शब्दही याच घरातला. तो विणकराच्या मागावरून आला असं बहुतेक जण सांगतात आणि पुढे विचार करायचा थांबतात. मला ते पटत नाही. विणताना तंतू एकमेकांना छेद देतात. ताणा उभा, बाणा आडवा. त्यात तंतूला तंतू 'जुळतो' कुठं? तंतूला तंतू जुळतो तो वाद्यात, सुरात. तंबोरा आपण 'जुळवतो', आणि 'तंतोतंत' या शब्दालाही क्रियापद बहुधा लागतं ते 'जुळणे'च. हे माझं मत आहे, कोशांचं नाही, पण कोशकारांनी एकदा तंबोरा मांडीवर घेऊन पाहावा.

प्रस्तुत मैफलीत खरा प्रश्न या जुळण्याचाच असतो. पारंपरिक कोऱ्याला खुंट्या नसतात. दांड्यावर कातड्याची कडी आवळलेली असते, ती वरखाली सरकवून सूर लावायचा, तोही एकवीस वेळा. कोरा ज्यांचा, त्या मांडिंका लोकांच्या जुन्या जुळणीतले स्वर पियानोच्या समान अंतरांत बसत नाहीत. म्हणून जाझचा पियानो समोर आला की कुणाला तरी सरकावं लागतं, आणि बहुधा कोराच सरकतो. ट्रम्पेट किंवा डबल बेस असेल तर तेही अर्ध्या वाटेवर येऊ शकतात.

हा मेळ काही कालचा नाही. अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरी स्वीडनमध्ये खेड्यातल्या जुन्या शाळेत राहायला गेले आणि मालीच्या शिकाऱ्यांचं 'दोसो न्गोनी' हे तंतुवाद्य वाजवू लागले. आपल्या मुंबईचे, शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू त्यांच्याबरोबर वाजवत. सेनेगलच्या कासामान्स भागातले कोरावादक सोलो सिसोखो नॉर्वेत आले. नॉर्वेतल्याच सेतेस्दालच्या लोकगायिका किर्स्टन ब्रोटेन बर्ग यांच्याबरोबर १९९७ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. स्वीडिश फिडलवादक एलिका फ्रिसेल यांच्याबरोबर त्यांना २००३ मध्ये बीबीसी रेडिओ ३ चा पुरस्कार मिळाला. ते लोकसंगीताच्या बाजूचं झालं. जाझच्या बाजूने ऐकायचं असेल तर गांबियाचे कोरावादक दाउदा जोबार्ते आणि डॅनिश ड्रमवादक स्टेफान पास्बोर्ग यांची जोडी ऐका.

आणि जोडी म्हटल्यावर तुमची 'जुगलबंदी'. युगलचं जुगल, यात्रेची जत्रा झाली तसंच. दोघं हवेत आणि बरोबरीचे हवेत. दाउदा आणि पास्बोर्ग यांना जुगलबंदी म्हणा, आनंद आहे. पाच जणांच्या ताफ्याला म्हणू नका. दोन पुढाऱ्यांच्या वादावादीला जुगलबंदी म्हणणाऱ्या बातमीदारांनी हा शब्द आधीच पुरेसा झिजवला आहे. कोऱ्यात 'कुंबेंगो' म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी धून, आपल्या लेहऱ्यासारखी, आणि तिच्यावरून सुटणारी भरधाव स्वरावली म्हणजे 'बिरिमिंतिंगो'. तिला मराठीत तान म्हणायला माझी काहीच हरकत नाही. तीही 'तन्'चीच लेक.

एक सवलत देतो. त्या मैफलीत हार्डांगर फिडल, म्हणजे नॉर्वेचं लोकव्हायोलिन असेल, तर तिच्या मुख्य तंतूंखाली चार-पाच तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा असतात. त्या धातूच्या असतात, तिथं खुशाल तारा लिहा. कोऱ्यासाठी लिहा: 'कोऱ्याचे एकवीस तंतू आणि नॉर्डिक जाझ यांचा मेळ.' 'रंगतदार' काढून टाका.