टेस्ट केस नंतर मागा, आधी प्रश्न मागा

तुम्ही विचारलंय की कोडिंग येत नसताना मॅन्युअल टेस्टिंगमध्ये चॅटजीपीटीसारख्या एआयचा उपयोग कसा करायचा, आणि टेस्ट केस (काय करून पाहायचं आणि त्यावर काय व्हायला हवं याची यादी) सरळ त्यालाच लिहायला सांगितल्या तर चालेल का. मी कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या टेस्टिंगवर काम करते. माझ्या मते टेस्ट केस मागण्याची घाई करू नका. आधी त्याच्याकडून प्रश्न काढून घ्या.

समजा, जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या स्टोरीत, म्हणजे ॲपने काय करावं हे सांगणाऱ्या नोंदीत, एवढंच लिहिलंय: ‘ओटीपी तीनदा चुकला तर खातं ३० मिनिटं लॉक करावं.’ यावर टेस्ट केस मागितल्या की क्षणात लांबलचक तक्ता हजर. त्यातल्या बऱ्याच ओळी म्हणजे एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत. पण खरा धोका ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात असतो. स्टोरीत एरर मेसेजचा उल्लेखही नाही, तरी तक्त्यात तो अवतरणचिन्हांत, अगदी ठामपणे लिहिलेला. कोणी ठरवला तो? कोणीच नाही. त्यावर विसंबलात तर बरोबर चालणाऱ्या स्क्रीनवर बग टाकाल, नाहीतर खरा बग पास करून मोकळे व्हाल.

त्याऐवजी असं सांगून पाहा: ‘ही स्टोरी वाच. टेस्ट केस लिहू नकोस. टेस्टिंगआधी बीएला काय विचारायला हवं ते सांग. जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरू नकोस.’ (बीए म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट, ॲपच्या गरजा लिहून देणारी व्यक्ती.) मग कामाचे प्रश्न यायला लागतात. नवा ओटीपी मागवला की चुकांची मोजणी पुन्हा शून्यावर येते का? ॲपवर दोनदा आणि वेबसाइटवर एकदा चुकलं तर ते तीन धरायचं का? ३० मिनिटं सर्व्हरच्या घड्याळाने की फोनच्या? फोनच्या असतील तर वेळ पुढे ढकलून कोणीही लॉक उघडेल. काही प्रश्न फालतूही निघतात, ते खोडा. उरलेले कोड लिहिला जाण्याआधी ग्रूमिंगमध्ये, म्हणजे स्टोरीवर आधी चर्चा करायच्या बैठकीत, मांडा. मिळालेली उत्तरं स्टोरीला जोडा आणि मग खुशाल टेस्ट केस मागा. तेव्हाही बाउंडरी व्हॅल्यू (मर्यादेवरच्या आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या किमती तपासणं), डिसिजन टेबल (अटींच्या जोड्या आणि त्यांचे निकाल यांचा तक्ता) अशी पद्धत नाव घेऊन सांगा.

टेस्ट डेटासाठीही तो उपयोगी आहे, पण जपून. पॅनचा साचा त्याला नीट जमतो: ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर, आणि व्यक्तीचं पॅन असेल तर चौथं अक्षर पी. आधारचं तसं नाही. बारावा अंक आधीच्या ११ अंकांवरून व्हेरहॉफ या, आकडा चुकला तर पकडणाऱ्या गणिती पद्धतीने काढलेला असतो. मॉडेलने नुसता अंदाजाने लिहिलेला क्रमांक बहुतेक वेळा त्यात बसत नाही, ॲप तो नाकारतं आणि आपण उगाच बग शोधत बसतो. असा डेटा डेव्हलपरकडून स्क्रिप्ट घेऊन बनवावा.

ॲपमध्ये देवनागरीत नाव टाकता येत असेल तर ते मॉडेलला आवर्जून सांगा, नाहीतर सगळी उदाहरणं इंग्रजी नावांची येतील. ‘क्षितिज’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, त्याची ७ चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत २१ बाइट. मग ‘नाव जास्तीत जास्त ५० अक्षरं’ या नियमात नेमकं काय मोजायचं? माझ्या अनुभवात हा प्रश्न स्टोरी लिहिणाऱ्याला सहसा सुचलेला नसतो.

बग रिपोर्टसाठी मी तो रोज वापरते. मराठीत भराभर खरडलेली टिपणं टाकायची आणि इंग्रजीत क्रमवार स्टेप्स मागायच्या. इंग्रजीला बिचकणाऱ्या टेस्टरला याचा फार आधार होतो. फक्त एक सवय लावून घ्या: त्याने लिहिलेल्या स्टेप्सप्रमाणे बग स्वतः पुन्हा काढून बघा, मगच रिपोर्ट टाका. न केलेली एखादी स्टेप तो मध्येच घुसवतो. सिव्हिरिटी, म्हणजे बग किती गंभीर आहे ते, मात्र तुम्हीच ठरवा. कीबोर्ड उघडल्यावर ‘पुढे’ बटण झाकलं जातं, हे हातात फोन धरणाऱ्यालाच कळतं.

आणि काय पेस्ट करताय ते बघा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी आणली. प्रॉडक्शनचे (खरे ग्राहक वापरतात त्या ॲपचे) लॉग, ग्राहकांचे मोबाइल नंबर, खऱ्या खात्यांचे स्क्रीनशॉट यातलं काहीही सार्वजनिक टूलमध्ये जाता कामा नये. कंपनीने मंजूर केलेलं टूल कोणतं ते टीमच्या लीडला विचारा. ते मिळेपर्यंत वर दिलेल्या ओटीपीच्या ओळीवरच हात बसवा, ती कोणत्याही कंपनीची नाही.