रानभाज्या आणि औषधी वनस्पती ओळखायला शिकायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

पुण्यात राहून रानभाज्या आणि औषधी वनस्पती ओळखायला शिकता येईल का, आणि त्यासाठी मोबाइलवरचे ॲप पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझे लहानपण मुरबाडकडे गेले आणि पावसाळ्यात आमच्या घरी आजही रानातला पाला शिजतो, त्या आधारावर लिहितो. शिकता नक्की येईल, पण ॲपपासून सुरुवात करू नये. फूल दिसत असले तर ॲप बऱ्यापैकी ओळखते. रानभाजी मात्र आपण फूल येण्याच्या कितीतरी आधी, कोवळी असतानाच खुडतो आणि नेमके तेव्हाच ते फसते.

टाकळ्याचेच पाहा. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला तो उगवतो आणि त्याच्याच शेजारी कासविंदाही उगवतो. दोघांची फुले पिवळी, घराणे एकच. टाकळ्याच्या पानात साधारणपणे पर्णिकांच्या (एकाच देठावर लागलेल्या लहान पानांच्या) तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद, गोलसर होत जाते. कासविंदाच्या जोड्या अधिक असून पर्णिका टोकदार असते. हा फरक किरकोळ नव्हे, कारण कासविंदाच्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्यास मेंदू, यकृत आणि स्नायूंना गंभीर इजा होते, हे पश्चिम उत्तर प्रदेशातील बालमृत्यूंच्या तपासातून पुढे आले आहे.

शिवाय ओळख पटली म्हणजे काम संपले असे होत नाही. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात पावसाच्या तोंडावर शेवळं, म्हणजे एका रानकंदाचे फुलोऱ्याचे कोंब, येतात. ती सुरणाच्याच कुळातली असल्याने त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट न केलेली भाजी घशाला असह्य खाजते. म्हणून वरचे आवरण सोलून, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकून, ती काकड या रानफळांच्या आंबट रसात शिजवतात. शेवळं विकणारी बाई बहुधा काकडंही शेजारीच मांडून बसलेली असते. शेवळांची जुडी घेतली आणि काकडं घेतली नाहीत, तर ती स्वतःच टोकते. हे टोकणे हाच खरा अभ्यासक्रम आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की, जून-जुलैत मंडईत रानभाजी विकणाऱ्या एखाद्या मावशींकडून दर आठवड्याला एक वाटा घ्यावा, कशी निवडायची, पहिले पाणी टाकायचे की नाही, हे त्यांनाच विचारावे (भारंगीचा पाला कडू असतो, तो उकडून पाणी टाकूनच करतात), आणि मग तीच वनस्पती बाहेर शोधून तिला फूल, शेंग, बी येईपर्यंत पाहत राहावे. पहिल्या पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली एवढे पक्के झाले तरी पुष्कळ झाले. कडूकंदासारखे कंद मात्र नवख्याने मुळीच करू नयेत.

औषधी वनस्पतींचा अभ्यास मी यापासून वेगळा ठेवतो. ओळखणे हे एक शास्त्र आणि मात्रा ठरवणे हे दुसरे. पहिले आपण शिकू शकतो, दुसरे वैद्यांचे काम आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले आणि 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का, असा प्रश्न उपस्थित केला. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, वेल नीट ओळखल्याशिवाय तिचा काढा कोणाला देऊ नये, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

मूळ उपटणे टाळावे, हेही सांगतो. बोरिवलीचे नाव शास्त्रीय नावात मिरवणारी सफेद मुसळी मुळांच्या बाजारापायी रानातून विरळ होत चालली आहे, आणि तिचा कोवळा पाला तर कित्येक घरांत भाजी म्हणून खाल्ला जातो. राष्ट्रीय उद्यानांतून आणि अभयारण्यांतून पानही तोडू नये, तेथे कायद्यानेच मनाई आहे.

पुण्यात राहण्याचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र तेथेच असून त्यांच्याकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. शंका असलेल्या वनस्पतीची पान, फूल आणि शक्य असल्यास फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, कोठे व कधी मिळाली ते कागदावर लिहावे आणि तेथे किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी. त्यांचा होकार येईपर्यंत ती वनस्पती स्वयंपाकघरात आणू नये.