ब्लॅक बेल्टचे शुल्क भरण्यापूर्वी

परभणी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तायक्वांदोच्या ‘आंतरराष्ट्रीय’ ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे शुल्क भरावे की नाही, असे तू विचारले आहेस. आपल्याकडे सातबारा पाहिल्याशिवाय कोणी जमिनीचा इसार देत नाही. तसे प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आहे आणि तिला कोणाची मान्यता आहे, हे तू आधी पाहावेस.

तायक्वांदोची जागतिक संघटना एकच नाही. जनरल चोई होंग ही यांनी 1966 मध्ये सोल येथे आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला आणि 1972 मध्ये ते कॅनडाला गेले, तेव्हा महासंघाचे मुख्यालयही त्यांच्यामागे गेले. पुढच्याच वर्षी सोलमध्ये दुसरी संघटना उभी राहिली. तीच आजची वर्ल्ड तायक्वांदो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1980 मध्ये मान्यता दिली ती हिला, आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदके दिली जातात तीही हिच्याच नियमांनुसार. चोई 2002 मध्ये वारले आणि मूळ महासंघात फूट पडून एकाच नावाचे अनेक गट झाले. त्यांतले शिक्षक कच्चे असतात असे मुळीच नाही (काहींचे पॅटर्न, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, तर पाहत राहावेत असे असतात), परंतु त्या प्रमाणपत्रावर ऑलिंपिकची वाट खुली होत नाही.

वर्ल्ड तायक्वांदो स्पर्धा चालवते. डॅनची, म्हणजे ब्लॅक बेल्टची, श्रेणी मात्र सोलमधील कुक्कीवोन ही संस्था देते. ही श्रेणी म्हणजे स्पर्धेतील कामगिरी नव्हे, आणि आपल्याकडील पालकांची गल्लत नेमकी येथेच होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी बेल्टचा रंग विचारला जात नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेत मिळवलेला क्रमांक पाहिला जातो आणि क्रीडा विभाग त्याची पडताळणी करतो.

संघटनेचा निर्णय थेट तुझ्या लाथेपर्यंतही पोहोचतो. इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आल्यापासून पायमोज्यातील सेन्सर गार्डला लागून ठरावीक जोर नोंदला गेला, तरच छातीवरील लाथेचा गुण मिळतो. त्यामुळे पुढचा पाय उचलून धरून टोचत राहणारे खेळाडू वाढले. मला तो खेळ रुचत नाही, पण स्पर्धेत उतरायचे असेल तर तुला तो शिकावाच लागेल.

तूर्त जिल्हा संघटनेच्या सचिवांना लेखी विचार की त्यांची संलग्नता कोणत्या राज्य संघटनेशी आहे, ती राज्य संघटना कोणत्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे आणि त्या महासंघाला वर्ल्ड तायक्वांदोचे सदस्यत्व आहे काय. लेखी उत्तर आल्याशिवाय सोयाबीनच्या पट्टीतले पैसे वडिलांकडून मागू नकोस, आणि शुल्क भरलेस तर पावती कोणाच्या नावाची मिळते तेही पाहून घे.

तुझे सर