वाचकांचे प्रश्न : साथरोगांचे अभ्यासक एकत्र कसे येतील?

प्रश्न : महापूर ओसरला की आमच्या जिल्ह्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची शंका घेतली जाते. डॉक्टर रुग्ण तपासतात, पशुवैद्य जनावरे पाहतात, आम्ही महाविद्यालयात जिवाणूंचा अभ्यास करतो; पण एकाचे काम दुसऱ्याला कळत नाही. या सर्वांची मोट बांधायची तर सुरुवात कोठून करावी?
— सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : सुरुवात नोंदीच्या कागदापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, परिषदा आणि सामंजस्य करार मागाहून होतील. लेप्टोस्पायरोसिसमध्ये साधारण पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो व त्याचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत सापडू शकतो. पुढे तो रक्तातून कमी होतो, प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी शरीरातील प्रथिने) तयार होतात आणि ती शोधणारी आयजीएम चाचणी उपयोगी पडते. त्यामुळे एकाच रुग्णाचा अहवाल एका प्रयोगशाळेत होकारार्थी आणि दुसरीत नकारार्थी येऊ शकतो, आणि तरीही दोन्हींचे काम चोख असू शकते. नळीवर नमुना घेतल्याची तारीख आहे, पण ताप कधी सुरू झाला याची नोंद नाही, अशा वेळी हा गुंता सुटत नाही आणि संशय विनाकारण माणसांवर जातो. पत्त्याचेही तसेच आहे. रुग्ण कसबा बावड्यात राहत असला, पण शिरोळकडे उसाच्या रानात कामाला जात असला, तर पशुवैद्याला शिरोळचे ते रान कळले पाहिजे. कारण उंदीर व जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून हा संसर्ग प्रामुख्याने होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे समन्वयासाठी वेळ राखून ठेवलेली एक व्यक्ती. सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने 17 मार्च 2003 रोजी विविध देशांतील 11 प्रयोगशाळांचे जाळे उभारले. एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या प्रयोगशाळा रोज दूरध्वनीवरून बैठक घेऊन हाती आलेले, अगदी अपुरे निष्कर्षही एकमेकींना सांगत. 16 एप्रिलला नवा कोरोना विषाणू हेच कारण असल्याचे जाहीर झाले. समन्वय संघटनेकडे असल्यामुळे कोणा एकीला दुसरीच्या हाताखाली काम करावे लागले नाही, ही बाब मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या तासिकांवर वरकड म्हणून लादू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न श्रेयाचा आणि लाभाचा. आपल्या नमुन्यांवरून बनणाऱ्या लसी आपल्याच लोकांना परवडणार नाहीत, या रास्त तक्रारीवरून इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणे थांबवले होते, आणि नमुने व लाभ या दोन्हींच्या वाटपाची आंतरराष्ट्रीय चौकट मान्य व्हायला 2011 साल उजाडले. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीत रक्त काढणाऱ्या डॉक्टरांना त्या नमुन्याचा अहवाल कधी मिळतच नसेल, तर पुढच्या वर्षी त्यांनी काळजीपूर्वक नोंदी का कराव्यात? शोधनिबंधावर कोणाची नावे असतील, उरलेले नमुने कोणाच्या ताब्यात राहतील आणि अहवाल किती दिवसांत परत जाईल, हे साथ येण्यापूर्वीच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

रुग्णांची नावे काढून क्रमांक द्यावेत आणि साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीपासूनच सोबत घ्यावे. संस्थांच्या नैतिकता समित्यांची मान्यता मिळण्यास वेळ लागतो; म्हणून अर्ज उन्हाळ्यापूर्वीच गेला पाहिजे.