बाळाला हलवण्याआधीचे दोन तास

प्रश्न : आमच्या सुनेची प्रसूती तालुक्याच्या रुग्णालयात साडेसात महिन्यांतच झाली. नातवाचे वजन दीड किलो भरले आणि त्याला धाप लागत होती. धुळ्याला हलवावे लागेल, असे डॉक्टरांनी लगेच सांगितले. रुग्णवाहिकाही दारात उभी होती, तरी बाळाला दोन तास तिथेच ठेवून घेतले. नातू आता सुखरूप घरी आहे, पण ते दोन तास फुकट गेले, असे घरात अजून बोलले जाते. खरेच तसे झाले का? — एक आजी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : आजी, आपल्या पत्रावरून तरी ते तास फुकट गेले असे मला वाटत नाही. हादरे खात धावणाऱ्या गाडीत दीड किलोच्या बाळाची शीर शोधणे किंवा त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे वाटेत लागू शकेल ते सारे निघण्यापूर्वीच करून घ्यावे लागते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात आणि ती ४५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर शिरेतून ग्लुकोज देतात. धाप असेल तर नाकातून सौम्य दाबाने हवा सुरू करून बाळ थोडे स्थिरावते का, ते पाहतात. सर्वांत चिवट काम असते ते अंगाची ऊब टिकवण्याचे. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवे; ते उतरले की ऑक्सिजनची गरज वाढते, साखर घसरते आणि धाप आणखी बळावते. काचेची पेटी नसेल आणि बाळाची प्रकृती झेपण्याजोगी असेल, तर त्याला आईच्या किंवा घरातल्या कोणाच्याही उघड्या छातीशी धरून नेता येते. गरम पाण्याची बाटली मात्र शेजारी ठेवू नये. तिने भाजलेली बाळे मी पाहिली आहेत.

पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट मिळेल याची खात्री करण्यातही वेळ जातो. ते न करता निघालेले बाळ शहरात दारोदार फिरते.

उशीर खरोखर महागात पडतो तो जन्मतः गुदमरलेल्या बाळांच्या बाबतीत. त्यांपैकी पूर्ण दिवसांच्या काही बाळांना मेंदू वाचवण्यासाठी नियंत्रित थंडावा देतात आणि तो जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. अशा वेळी स्थिरीकरण आटोपशीरच हवे.

याहून चांगला मार्ग म्हणजे वेळेआधी कळा सुरू होताच, प्रसूतीपूर्वी वेळ हाती असेल तर, आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवणे. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची चिन्हे असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनेही देता येतात. अर्थात कळा काही विचारून येत नाहीत.

सरकारी व्यवस्थेत आजारी नवजात बाळाची ने-आण २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १०८ ला फोन करताना बाळाचे वजन आणि ऑक्सिजन चालू आहे का, हे आधीच सांगावे. सोबतच्या चिठ्ठीत आईचा रक्तगट, जन्माची वेळ आणि व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आहे ना, ते गाडी सुटण्यापूर्वी पाहून घ्यावे.