गप्प बसलं तर होकार, बोललं तर वाद

“जेवणाच्या सुट्टीत राजकारण निघालं की मला घास गिळवत नाही,” ती पहिल्याच भेटीत म्हणाली. ती लेखा विभागात काम करते. (तिच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून लिहीत आहे.) निवडणुकीचे दिवस होते. विभागातले ज्येष्ठ सहकारी रोज जेवताना एकाच पक्षाची बाजू लावून धरायचे आणि शेवटी तिच्याकडे वळून “बरोबर ना?” असं विचारायचे. तिचं मत नेमकं उलट, पण मान डोलायची. मग रात्री अंथरुणावर तीच वाक्यं डोक्यात फिरायची. पुढे पुढे ती जागेवरच एकटी जेवू लागली.

मत सांगितलं तर संबंध बिघडतील आणि लपवलं तर स्वतःशीच खोटं वागल्यासारखं वाटतं, ही कोंडी घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

सल्ल्याआधी तिला दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली: विषय कोणी काढला, कशावरून निघाला, कोण बोललं, कोण गप्प होतं आणि त्या वेळी तिच्या शरीरात काय झालं. “अख्खा विभाग त्यांच्याच बाजूचा आहे,” अशी तिची खात्री होती. नोंदीत मात्र बोलणारे दोघंच निघाले. बाकीचे ताटात बघत होते. विषयही बहुतेक वेळा कोणीतरी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली की सुरू व्हायचा.

ज्येष्ठांना तरी सगळे आपल्याच मताचे का वाटत होते? मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी 1977 साली विद्यार्थ्यांना अंगावर जाहिरातीचा फलक लावून आवारात फिराल का, असं विचारलं. हो म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण हो म्हणतील. नाही म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण नाही म्हणतील. आपलं मत हेच चारचौघांचं मत, असं माणूस सहज धरून चालतो. त्यात समोरून मान डोलली की शंकेला जागाच उरत नाही. म्हणून पहिला बदल छोटा ठरवला: मान डोलवायची नाही. चेहरा शांत ठेवायचा, पण होकाराची खूण द्यायची नाही.

दुसरं, एक तयार वाक्य. ते छोटं असावं, स्वतःबद्दल असावं आणि त्याला जोडूनच दुसरा विषय यावा. “सर, राजकारणावर मी ऑफिसात बोलत नाही. तो ताळेबंद आज पाठवायचा की उद्या?” हे मोठ्याने म्हणून सराव करावा लागतो, कारण मनात सोपं वाटणारं वाक्य ऐन वेळी अडखळतं.

पहिल्या प्रयत्नात ते फसलंच. तिने पुढे जोडलं, “कारण उगाच वाद होतात.” लगेच उत्तर आलं, “वाद कुठे, ही तर चर्चा आहे!” आणि पुढची दहा मिनिटं चर्चा आणि वाद यांतल्या फरकावर गेली. कारण दिलं की समोरच्याला ते खोडायची सोय होते. नकाराला कारण जोडू नये. दुसरी चूक म्हणजे हसत बोलणं. हसून दिलेला नकार थट्टेत जमा होतो. आणि वाक्य बोलून उठून जाऊ नये. तो राग दिसतो, शिवाय आपली हक्काची जागा आपणच सोडतो. छाती धडधडू लागली तर मात्र वेगळं. तेव्हा पाणी प्यायला उठावं आणि हा विषय निदान 20 मिनिटं बाजूला ठेवावा. शरीर तापलेलं असताना शब्द हाताबाहेर जातात.

ताटात बघणाऱ्यांपैकी एकीशी तिला आधीच बोलून ठेवायला सांगितलं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत, गटात वेगळं उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला तरी बहुमतामागे वाहत जाणं बरंच कमी झालं होतं. इथे त्या सहकारी बाईंनी फक्त दुसरा विषय उचलून धरायचा होता.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो एकांतातल्या पाच मिनिटांच्या बोलण्याचा. ज्येष्ठांना चारचौघांत टोकलं असतं तर ते मान राखण्यासाठी भांडले असते. ती म्हणाली, “सर, काम मी तुमच्याकडूनच शिकले. राजकारणावर माझं मत वेगळं आहे आणि ते मला इथे मांडायचं नाही. जेवताना मला त्यात ओढू नका.” ते म्हणाले, “अगं, आधी सांगायचंस की.” मत वेगळं आहे एवढंही सांगणं सक्तीचं नाही. तिला खोट्या होकाराचा सल होता, म्हणून तिने ते सांगायचं ठरवलं. अजूनही अधूनमधून विषय निघतो, पण ती टेबलावर परतली आहे.

कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उत्तरच देऊ नये. तिथे सूर कळत नाही आणि लिहिलेलं दुसरीकडे पोहोचतं. “हा ग्रुप फक्त कामासाठी” अशी सूचना ॲडमिनने घातलेली बरी, म्हणून ॲडमिनला स्वतंत्र निरोप पाठवावा.

वरिष्ठ एखाद्या पक्षासाठी वर्गणी मागत असतील, सभेला न गेल्यामुळे रजा किंवा मूल्यमापन अडवत असतील, किंवा जात-धर्मावरून बोलणी ऐकावी लागत असतील, तर ती छळवणूक आहे. तिथे सौम्य वाक्यांवर विसंबू नये. त्याच दिवशी तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवावीत. “ते वाईट वागले” असा शेरा तक्रारीत टिकत नाही, नेमकं वाक्य टिकतं. तक्रार मनुष्यबळ विभागाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.