गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत एचआरमध्ये (मनुष्यबळ विभागात) बायका पुष्कळ, मग प्रमुख बहुधा पुरुषच का?

कारण बायकांकडे भरती, प्रशिक्षण, कल्याण ही ‘सांभाळायची’ कामं दिली जातात. युनियनशी पगारकराराची बोलणी, निलंबन, खातेनिहाय चौकशी पुरुषांकडे, आणि बढतीत वजन याच अनुभवाला. रात्रपाळीतला तंटा सोडवायलाही बाईला कोणी बोलावत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं अंतर्गत समितीचं अध्यक्षपद वरिष्ठ महिलेलाच द्यावं लागतं, पण ते एचआरप्रमुख व्हायची पायरी समजू नका. पुढच्या पगारकराराच्या वेळी बोलणी करणाऱ्या चमूत स्वतःचं नाव लेखी घालून घ्या. नुसतं इतिवृत्त लिहायला बसवलं तर उपयोग नाही. जिथं युनियनच नाही तिथं ही अडचण कमी.